उसन्या नावाची बाई

तेन्मोऴी या तमिळ नावाचा अर्थ ‘मधासारखी वाणी’ असा होतो. लंडनच्या कडेला पिनरमध्ये मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या बाईंचं हे नाव. त्या माझ्याशी मधासारखं एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. पोस्टमनशी नाही, शेजारच्या पटेलांशी नाही, लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या स्वतःच्या मुलीशीही नाही. मुलीचा दर रविवारी फोन यायचा. बाई रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या आणि गप्प राहायच्या. हॅलो म्हणायच्या नाहीत. ज्याला काम आहे त्याने आधी आवाज द्यावा, असा त्यांचा नियम होता.

नावातला तो ऴ आपल्याकडे नाही. ळ म्हणायला वळवतो तशी जीभ वळवायची, पण टाळूला लावायची नाही, अधांतरी ठेवायची. खोली बघायला गेलो तेव्हा दारात उभा राहून मी प्रयत्न केला.

“घशात काही अडकलंय का तुझ्या?” बाई म्हणाल्या. “मॅडम म्हण. तेवढं येत असेल.”

मी मॅडम म्हणू लागलो. पण आमच्या लांज्याच्या शाळेत शिक्षिकांना बाई म्हणत, त्यामुळे मनात मी त्यांना बाईच म्हणायचो. इथेही तसंच लिहितो. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं इंग्रजी कोलंबोच्या कॉन्व्हेंटमधलं आणि माझं रत्नागिरीच्या कॉलेजमधलं. त्यामुळे भांडणात माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत त्यांची दोन होऊन जायची.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “इंडियन. हिंदू?”

“बुद्धिस्ट.”

उघडं दार अर्धं लागलं. फटीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता.

“सिंहली आहेस?”

“नाही, मॅडम. महाराष्ट्रीयन. आमच्याकडे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी…”

“महाराष्ट्रात बुद्धिस्ट कुठून आले?”

हा प्रश्न मला कोणीही, कुठेही विचारला तरी मी मनापासून उत्तर देतो. घरातला पहिला पदवीधर मी आहे, आणि ती पदवी कोणामुळे मिळाली हे सांगायला मला कधी कंटाळा येत नाही. हातात बॅग घेऊन, फुटपाथवर उभा राहून मी सगळं सांगितलं. बाईंनी ते दाराच्या फटीतून, न टोकता ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमच्याकडे मार खाणारे बुद्धिस्ट झाले,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे बुद्धिस्ट मारत होते. दोन वेगळे धर्म दिसतात. ये. बूट बाहेर काढ.”

मी राहायला आलो. ब्रॅकनेलच्या ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जावं लागे, बाकीचे दिवस घरून काम. त्यामुळे बाईंचा दिवस मला बराचसा बघायला मिळायचा. सकाळी देवाला फूल वाहून झालं की त्या समोरच्या खोलीत खिडकीजवळ बसायच्या आणि रस्त्यावरच्या लोकांना बोलतं करायच्या. मला हे कळायला काही दिवस लागले. काचेपलीकडे पटेल गाडी पुसत बायकोशी बोलत असायचे. आवाज आत येत नसे. बाई त्यांच्या ओठांकडे बघत, बरोबर त्याच वेगाने, पटेलांच्या खर्जातल्या आवाजात बोलायच्या: “तुझ्या भावाला मी गाडी देणार नाही. त्याने मागच्या वेळी आत समोसा सांडला होता.” मग लगेच मिसेस पटेलांच्या आवाजात: “समोसा माझ्या आईने केला होता, त्याला नावं ठेवू नका.” पटेलबाईंचं तोंड मिटलं की बाईंचं वाक्य संपलेलं असायचं. एका ओठाचं एक अक्षर वाया जायचं नाही.

एकदा मी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कॉल संपल्यावर म्हणाल्या, “आईला सांगितलंस, ही म्हातारी छळते म्हणून.”

“नाही हो, मॅडम. आईला म्हणालो, आंबे आले असतील तर मावशीकडे पाठव.”

“ओठ तसेच हलले.”

हा त्यांचा धंदाच होता. ऐन तारुण्यात त्या कोलंबोत सिंहली चित्रपटांत नायिकेला आवाज द्यायच्या. एका फार देखण्या नटीचा आवाज फाटका होता, म्हणून तिचे संवाद बाई बोलायच्या. फिल्मचा तेवढा तुकडा फिरत राहायचा, पडद्यावर तिचे ओठ हलायचे, आणि माईकसमोर उभ्या राहून बाई ते ओठ भरून काढायच्या. त्या नटीला बाई ‘चेहरा’ म्हणत. नाव घेत नसत. “चेहऱ्याला बक्षीस मिळालं.” “चेहऱ्याची मुलाखत आलीय.” चेहऱ्याने कुठल्याच मुलाखतीत आवाजाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

सिंहली सिनेमात तमिळ बाई कशी, असं मी भाबडेपणाने विचारलं. बाई माझ्याकडे, मी वर्गात उशिरा आल्यासारखं बघत राहिल्या.

“सिंहली सिनेमात सिंहली होतं काय? चेहरे आणि शिव्या.”

मग त्या बोटांवर मोजत सुटल्या. सुरुवातीचे सिंहली चित्रपट तर समुद्र ओलांडून मद्रासच्या स्टुडिओत बनायचे. पुढे कोलंबोत स्टुडिओ झाले तरी पैसा घालणारे तमिळ, कॅमेऱ्यामागे तमिळ, फिल्म कापायला तमिळ, वाजवणारे तमिळ. आवाज नोंदवणारे बाईंचे यजमान राजदुरै, तेही तमिळ. “एखाद्या दृश्यात सिंहली खेडं, सिंहली देऊळ, सिंहली आई रडतेय. आणि इकडे काळोखात आम्ही सगळे दबक्या आवाजात तमिळमध्ये भांडतोय, चहा कोणी संपवला म्हणून.”

हे सांगताना त्या हसल्या असतील असं वाटेल. हसल्या नाहीत. त्या चित्रपटांच्या सुरुवातीला नावं यायची, त्यांत यातली अर्धी नावं सिंहली व्हायची. बाईंचं नाव पडद्यावर ‘कुसुमा’ असं येई. ते ठेवलं होतं निर्मात्याने, आणि निर्माता तमिळच होता. त्याचं म्हणणं, तेन्मोऴी या नावावर गॉलमधला सिंहली माणूस तिकीट काढत नाही.

मी म्हटलं, “आमच्यातही मुंबईला गेल्यावर काही जणांनी आडनावं बदलली, मॅडम. खोली मिळावी म्हणून. माझ्या काकांनीही बदललं.”

“काकांनी बदललं,” बाई म्हणाल्या. “मी बदललं नाही. मला बदललं. व्याकरण शिकवत नव्हते का तुझ्या कॉलेजात?”

मी रोज सकाळी खोलीत पालीतली बुद्धवंदना म्हणतो. बाईंच्या घरी हळू म्हणायचो, तरी भिंत पातळ होती. पहिल्याच दिवशी ‘नमो तस्स’ झालं आणि पलीकडून भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशीही. मी आवाज आणखी उतरवला. मग एका सकाळी ‘इतिपि सो’ला माझी ओळ अडली. थंडीने घसा बसला होता. मी थांबलो, आणि स्वयंपाकघरातून पुढची ओळ आली. मग त्याच्या पुढची. शेवटपर्यंत, एका दमात, आपल्याकडे म्हणतात तशा नाही, लंकेच्या भिक्खूंच्या चालीत. आवाज कोवळ्या मुलीचा होता. मी बाहेर आलो. बाई कांदा चिरत होत्या.

मला आनंद झाला होता. “मॅडम, तुम्हाला पाठ आहे? किती सुंदर म्हणता. आमच्या विहारात एकदा…”

सुरी थांबली. “त्या ओळी या घरात मी एकदाच म्हणाले. पुन्हा म्हणायला लावू नकोस.”

मी कुठे लावलं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. बाईंनी माझे ओठ पाहिले आणि मी ते मिटले.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला मी लंडनला गेलो. तिथे एका वृद्ध सिंहली भन्तेंनी सर्वांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. घरी आलो तर बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं.

“तो दोरा घालून माझ्या चुलीजवळ यायचं नाही.”

“मॅडम, हा आशीर्वादाचा आहे. भन्ते फार प्रेमळ आहेत. त्यांनी तुमच्या लोकांसाठीही…”

“कोणाच्या लोकांसाठी?”

माझे आजोबा गावच्या पाणवठ्यावर कधी चढले नाहीत. त्यांनी आयुष्यात ज्या एका वस्त्राला विश्वासाने हात जोडले ते भिक्खूंचं चिवर. बाईंना ते चिवर दिसलं की आगीचा वास येत होता. दोन्ही खरं होतं, आणि त्या अडीच फुटी दारात दोन्ही मावत नव्हतं. मी दोरा सोडला नाही. महिनाभर मी खोलीत मायक्रोवेव्ह ठेवून जेवलो. त्यांनी एकदाही ‘ये’ म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दोरा आपोआप झिजून तुटला, तेव्हाच मी चुलीजवळ गेलो.

त्यानंतर काही दिवसांनी सिंकखालचा पाइप सुटला. पाणी पसरत हॉलच्या कार्पेटपर्यंत आलं. मी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी पाइप दाबून धरला होता, आणि घाबरल्यावर माणूस आपल्या गावच्या भाषेत जातो तसा ओरडलो, “बालदी! बालदी आणा कोणीतरी!”

बाई मागेच उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत. पाणी त्यांच्या चपलांखाली आलं तरी हलल्या नाहीत.

“काय म्हणालास?”

“बालदी, मॅडम. बकेट. आमच्याकडे बालदी म्हणतात.”

“तुमच्याकडे.” मग त्या कोवळ्या आवाजात, जो मी एकदाच ऐकला होता, त्यांनी एक शब्द उच्चारला. “बाल्दिय.”

पाणी बंद झाल्यावर, ओल्या कार्पेटवर टॉवेल टाकत, मी विचारलं नसताना त्यांनी सांगितलं. सलग नाही. टॉवेल पिळावा तसं, थोडं थोडं.

त्र्याऐंशी साली कोलंबोत तमिळांविरुद्ध पेटलेल्या दंगलीत नवरा-बायको गाडीतून निघाले होते. स्टुडिओ जळतोय ही बातमी आधीच आली होती. एका वळणावर माणसांनी गाडी अडवली. एकाच्या हातात बालदी होती, दुसऱ्याच्या हातातल्या डब्यात पेट्रोल. गाडीच्या काचेसमोर बालदी धरून तो विचारत होता, हे काय आहे, बोला. सिंहलीत बालदीला बाल्दिय म्हणतात. तमिळ माणसाच्या तोंडी सुरुवातीचा ब टिकत नाही, तिथे प नाहीतर व येतो. बालदी ही परीक्षा होती.

बाई म्हणाल्या, “मी चेहऱ्याच्या आवाजात सांगितलं. खेड्यातली पोर विहिरीवर म्हणते तसं. त्यांना इतकं आवडलं की म्हणाले, आता गाथा म्हण, इतिपि सो. मी म्हटली. अख्खी.”

“आणि साहेब?”

“राजदुरैंनी सिंहली आयुष्यभर हेडफोनमधून ऐकली. एखादा नट एक अक्षर चुकला की ते टेक थांबवायचे. कानाने सगळं कळायचं. पण त्यांच्या स्वतःच्या जिभेवर ब येत नव्हता.” त्यांनी टॉवेल पिळला. “मी सांगितलं, माझा नवरा मुका आहे.”

“मग सोडलं?”

“सोडलं. त्यातला एक जण म्हणाला, बिचारी, एवढा गोड आवाज आणि नवरा मुका.”

मी काहीतरी बोलणार होतो. आपण वाचवलंत त्यांना, असंच काहीतरी.

“त्यांनी मला ते कधी माफ केलं नाही,” बाई म्हणाल्या. “इथे येऊन किती वर्षं जगले. पोस्ट ऑफिसात बोलायचे, मुलीशी बोलायचे. माझ्याशी खुणेने. चहा हवा असला की कप दाखवायचे. तूच मुका केलंस ना, असं. पाइपला टेप लाव, बघत काय बसलास.”

पुढची गोष्ट त्यांनी कधी तरी मुलीशी फोनवर भांडताना बोलून दाखवली आणि मग मलाही सांगितली. त्या वळणावरून सुटून दोघं चेहऱ्याच्याच घरी गेले होते. चेहऱ्याने त्यांना गॅरेजवरच्या खोलीत लपवलं, स्वतः जेवण वर आणून दिलं. पण नोकरांसमोर, शेजाऱ्यांसमोर आणि पुढे पुढे खोलीत कोणी नसतानाही ती बाईंना कुसुमाच म्हणत राहिली. “का विचारलं तर म्हणायची, तुझं ते नाव मला म्हणताच येत नाही गं, जीभ वळत नाही. बरं, म्हटलं. नाही वळत एखादीची.”

बाईंना तमिळ लोकांचा आधार होता असंही नाही. हॅरोच्या तमिळ किराणा दुकानात मी त्यांच्याबरोबर पिशव्या धरायला जायचो. गल्ल्यावरची बाई एकदा दुसरीला, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आणि बाईंनी ते मला तिथल्या तिथे इंग्रजीत करून सांगितलं: “म्हणतेय, ही बघ, सिंहळ्यांची मैना आली. इकडे आपली पोरं मरत होती, ही तिकडे त्यांचे प्रेमाचे डायलॉग बोलत होती.” एवढं सांगून बाईंनी त्या दुकानात, वांगी हातात घेऊन, अस्खलित सिंहलीत भाव विचारला. दुकानात कोणी उत्तर देईना. बाई वांगी परत ठेवून बाहेर आल्या.

“मुद्दाम कशाला?” मी म्हणालो.

“यांच्यासाठी मी सिंहळीण, सिंहळ्यांसाठी देमळ. कोणाशीही नीट वागून काय मिळणार आहे?”

त्या उन्हाळ्यात दिनुक नावाचा एक तरुण घरी आला. क्रॉयडनमध्ये जन्मलेला सिंहली मुलगा, जुने चित्रपट स्वच्छ करून पुन्हा दाखवणाऱ्यांपैकी. केकचा बॉक्स घेऊन आला होता. बाईंनी बॉक्स घेतला नाही म्हणून तो शेवटपर्यंत मांडीवर धरून बसला. त्याने टॅबलेटवर एका चित्रपटाची सुरुवात दाखवली. नदीचा घाट, होडी, वर नावं येत होती. कुठल्याशा परदेशातल्या गोदामात एक प्रिंट सापडली होती, ती धुऊन पुसून तयार झाली होती. लंडनमध्ये खेळ ठेवला होता. चेहरा कोलंबोहून येणार होता.

सिंहली अक्षरांत एक ओळ आली तशी बाईंनी बोट ठेवून चित्र थांबवलं.

“ही कोण?”

“कुसुमा,” दिनुक म्हणाला. “म्हणजे तुम्हीच ना, आंटी?”

“मी तुझी आंटी नाही, आणि ही मी नाही. हे नाव काढ, माझं घाल.”

“मूळ फिल्मला हात लावता येत नाही, मॅडम. जशी होती तशीच ठेवायची, हा आमचा नियम आहे.”

“आग लावणाऱ्यांनी पण हा नियम पाळायला हवा होता.”

दिनुक ओशाळला. तो चांगला मुलगा होता, आणि तो तेव्हा जन्मलाही नव्हता. तो म्हणाला, पडद्यावर नाही बदलता येणार, पण खेळानंतर स्टेजवरून मी तुमचं खरं नाव सांगेन, आवाज कोणाचा होता ते सगळ्यांसमोर सांगेन. त्या हॉलमध्ये सगळे आमचेच लोक असतील, त्यांना कळू दे. वचन देतो.

बाईंनी टॅबलेट त्याच्याकडे सरकवला.

“एकदा,” त्या म्हणाल्या. “एकदाच म्हण. पण सिंहली माणसांच्या हॉलमध्ये, माईकवर.”

त्यानंतर घरात तो एकच विषय होता, आणि तो रागाच्याच भाषेत निघायचा. लीड्सहून मुलगी फोनवर म्हणायची, अम्मा, त्या लोकांच्या टाळ्या कशाला हव्यात तुला. बाई म्हणायच्या, टाळ्या नकोत, नाव हवंय. टाळ्या मी खूप मिळवून दिल्यात, त्या कोणाच्या नावावर जमा झाल्या ते विचार. साडी ठरली, बदलली, पुन्हा ठरली. मला दोनदा विचारलं, तू येणार ना, आणि दोन्ही वेळा वर म्हणाल्या, यायलाच पाहिजे असं नाही.

खेळाच्या आदल्या दिवशी फोन वाजला. बाईंनी उचलला, नेहमीप्रमाणे गप्प राहिल्या. पलीकडून कोणी बोललं आणि बाई उभ्या राहिल्या. मग सिंहलीत सुरू झालं. मला शब्द कळत नव्हते, चढउतार कळत होते. पलीकडून मनधरणी आणि इकडून चाकू. फोन ठेवल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून मला म्हणाल्या, “चेहरा. लंडनला पोचलीय. म्हणते, कुसुमा, आता म्हाताऱ्या झालो आपण, आता कशाला उकरून काढतेस. लोक मला ओळखतात त्या आवाजाने. मरेपर्यंत राहू दे. आणि म्हणते, त्या नावाने तुला वाचवलं, विसरलीस का?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, त्या नावाने कुसुमा वाचली.”

दुपारचा खेळ होता. हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, जाकिटं घातलेले म्हातारे, पोराबाळांसकट कुटुंबं. आम्ही मधल्या रांगेत बसलो. नदीचा घाट आला, होडी आली, नावं आली. नायिकेने तोंड उघडलं आणि पुढच्या रांगांमधून सुस्कारे ऐकू आले. लोक त्या आवाजाची आयुष्यभर आठवण काढत असावेत. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती नाराज आहे की लाजते आहे, खोटं बोलते आहे की खरं, हे सगळं कळत होतं. बाई पूर्ण चित्रपटभर पडद्यावरच्या ओठांकडे बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, “इथे श्वास चुकलाय माझा.”

दिवे लागले. स्टेजवर खुर्ची ठेवली होती, तिच्यावर चेहरा आला. पांढरे केस, ताठ मान, अजूनही बघत राहावं असं रूप. हॉल उभा राहिला. बाई बसून होत्या, म्हणून मीही बसून राहिलो. दिनुकने माईक घेतला. त्याच्या हातात एक कार्ड होतं आणि बाजूला संयोजकांपैकी दोन वयस्क गृहस्थ उभे होते. तो कार्डाकडे बघून इंग्रजीत म्हणाला, “आणि आज आपल्यात या चित्रपटाच्या ज्येष्ठ सहकलाकार आहेत. स्वागत करू या, कुसुमा मॅडम.”

टाळ्या. लोक माना वळवून शोधू लागले. बाईंचे दोन्ही हात पर्सवर होते.

“मॅडम,” मी कुजबुजलो, “तुम्हाला बोलावतायत.”

“मला नाही.”

दिनुकने पुन्हा नाव घेतलं. त्याला बाई दिसत होत्या, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की कार्ड त्याने लिहिलेलं नव्हतं. टाळ्या विरल्या. त्या शांततेत बाईंनी बसल्या जागेवरून सिंहलीत तीन शब्द टाकले. अर्थ मला नंतर कळला: ती आलेली नाही.

दोन तास ज्या आवाजाने तो हॉल भरला होता, तोच आवाज मधल्या रांगेतून आला होता. थोडा खरखरीत झालेला, पण तोच. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी आधी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, आणि मग मागे.

आमच्या मागून कोणीतरी म्हणालं, “देमळ.” सिंहलीत तमिळ माणसाला हाच शब्द आहे. म्हणण्याच्या ढबीवर ती माहिती ठरते किंवा शिवी. ही माहिती नव्हती.

दिनुकने कार्ड खिशात घातलं. शेजारचे गृहस्थ त्याच्या कानाशी काही बोलले, त्याने ऐकलं नाही. “सॉरी,” तो म्हणाला. “मिसेस तेन्मोली.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“तेन्मोळी.”

“नाही.”

एकदोघे हसले. दिनुकने तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि उच्चार आणखीच बिघडला. तेव्हा खुर्चीतून एक हात पुढे आला. चेहऱ्याने त्याच्याकडून माईक घेतला, तोंडाजवळ धरला, आणि कोणाकडे न बघता म्हटलं,

“तेन्मोऴी.”

जीभ वळली होती, टाळूला लागली नव्हती. तमिळ घरात वाढलेल्या बाईने म्हणावं तसं, चोख.

बाई उभ्या राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, मध्ये सगळा हॉल होता. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या पसरल्या, आणि मला वाटलं आता बाई स्टेजकडे जातील. त्या रांगेतून बाहेर पडल्या आणि दाराकडे चालू लागल्या. मी मागोमाग.

आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर आलो. मीच म्हणालो. मला खरंच भरून आलं होतं.

“मॅडम, शेवटी नाव घेतलंच. अगदी बरोबर म्हणाल्या त्या.”

“बरोबर म्हणाली,” बाई म्हणाल्या. “म्हणजे तिला येत होतं.”

मी बोर्डावर गाडीची वेळ बघू लागलो.

“गॅरेजवरच्या खोलीतही येत होतं. बक्षीस घेताना येत होतं. काल फोनवर येत होतं. मी इतकी वर्षं समजत होते, तिची जीभ वळत नाही.”

पुढच्याच आठवड्यात मुलगी त्यांना लीड्सला घेऊन गेली. घर विकायला काढलं, मी ब्रॅकनेलला राहायला गेलो. मागच्या हिवाळ्यात बाई गेल्याचं मुलीने कळवलं. त्यांना डोळ्यांसमोर आणलं की मला तो प्लॅटफॉर्मच आठवतो. गाडी आली, दार उघडलं. बाई आधी चढल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर त्यांनी आपली पर्स ठेवली.